ब्रासचा व्यवहार, टनाचा भार

बांधकामाचा माल वाहणाऱ्या लहान ट्रॉलीत क्षमतेपेक्षा जास्त भार भरण्याची रीत ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात इतकी अंगवळणी पडली आहे की अपघात घडेपर्यंत ती कोणाला खटकत नाही, आणि अपघात घडल्यावर दोष चालकाच्या बेफिकिरीवर किंवा मालकाच्या हव्यासावर टाकून विषय संपवला जातो. हे निदान अर्धवट आहे. बेफिकिरी आणि हव्यास दोन्ही खरे असले, तरी त्यांना वाव देणारी व्यवस्था त्यांच्याहून जुनी आणि पक्की आहे. वाळू, खडी, मुरूम आणि डबर यांची खरेदी-विक्री आकारमानाने होते, तर वाहनाचा आस, टायर, ब्रेक, पूल आणि मोटार वाहन कायदा यांना फक्त वजन कळते. ही दोन मापे एकमेकांशी जोडलेली नाहीत, तोवर ओव्हरलोड हा अपवाद न राहता व्यवहाराचा स्वाभाविक परिणामच ठरतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या व्यवहाराचे एकक म्हणजे ब्रास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिक हिशेबात २.८३ घनमीटर. देशात १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, किराणा किलोत आणि दूध लिटरमध्ये गेले, पण बांधकामाच्या मालात ब्रास टिकून राहिला, कारण तो मोजायला काटा लागत नाही, फूटपट्टी पुरते. हौद्याची लांबी, रुंदी आणि उंची गुणली की सौदा पुरा होतो. अडचण अशी की एका ब्रासचे वजन एक नसते. सुटी कोरडी वाळू घनमीटरला साधारण दीड ते १.६ टन भरते, म्हणजे एका ब्रासमागे सव्वाचार ते साडेचार टन. तीच वाळू नदीपात्रातून पाणी गळत असताना भरली, तर घनमीटरला १.९ टनांच्या आसपास जाते आणि ब्रास सव्वापाच टनांपलीकडे पोहोचतो. याहून चमत्कारिक गुणधर्म किंचित ओलसर वाळूचा आहे. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरला गेल्याने कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असताना ही फूग आकारमानाच्या वीस-तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी गिऱ्हाइकाला ब्रास पुरा मिळतो, वाळू मात्र कमी मिळते. म्हणजे आकारमानाचे माप वाहनाला जसा दगा देते, तसाच ते घर बांधणाऱ्यालाही देते, आणि ज्याच्या सोयीसाठी ते टिकवले जाते असे सांगितले जाते, त्याच्या पदरात त्यातून विशेष काही पडत नाही.

आता ज्या वाहनात हा माल भरला जातो, त्याकडे पाहावे. ट्रॅक्टरमागची ट्रॉली मुळात शेतमालासाठी घडवलेली आहे. तिच्या हौद्याचे फाळके, म्हणजे बाजूच्या उघडता येणाऱ्या पत्र्याच्या भिंती, धान्य, शेणखत, कडबा अशा हलक्या मालाचा विचार करून उंच ठेवलेले असतात. कडबा तर फाळक्यांच्या कितीतरी वर रचला तरी आसाला फारसा जाणवत नाही. हिशेबासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच हौद्याची ट्रॉली धरू. तिच्यात १२० घनफूट, म्हणजे ३.४ घनमीटर माल मावतो. ती गव्हाने काठोकाठ भरली, तर गहू घनमीटरला पाऊण टनाहून थोडा अधिक असल्याने, भार सुमारे २.६ टन होतो. तीच ट्रॉली त्याच काठापर्यंत कोरड्या वाळूने भरली, तर भार सुमारे ५.४ टन होतो आणि ओल्या वाळूने भरली, तर साडेसहा टनांच्या घरात जातो. पाहणाऱ्याच्या डोळ्याला तिन्ही वेळा एकच दृश्य दिसते: ट्रॉली भरलेली आहे. चालकाने, मालकाने किंवा गिऱ्हाइकाने यात कसलीही लबाडी केलेली नसते. ट्रॉली भरून नेणे एवढेच त्यांनी केलेले असते, आणि तेवढ्यानेच भार दुप्पट होतो.

डोळ्याच्या या सवयीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पायली, आधोली, शेर ही धान्याची मापे आकारमानाची होती आणि माप काठाशी न थांबवता वर शीग लावून देणे हे देणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणाचे लक्षण मानले जाई. शिगोशीग भरलेले माप घेणाऱ्याला समाधान देते आणि सपाट माप त्याला फसवल्यासारखे वाटते. खडीच्या खाणीवर किंवा वाळूच्या साठ्यावर लोडरचे शेवटचे बकेट फाळक्यांच्या वर ओतले जाते, तेव्हा हीच समजूत काम करीत असते. धान्याच्या बाबतीत तिने कोणाचे नुकसान केले नाही, कारण पायलीभर जोंधळ्याची शीग वाहून नेणाऱ्याच्या डोक्याला मूठ-दोन मुठींनीच जड होई. हौद्यावरची वाळूची शीग मात्र सहज अर्ध्या टनाची असते आणि ती भाराच्या सर्वांत वरच्या टोकाला बसलेली असल्याने वाहनाचा गुरुत्वमध्यही वर उचलते.

हा वाढीव भार नेमका काय करतो, हे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण ‘गाडी ओढते ना’ हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक्टर कमी गतीला प्रचंड ओढ देतो, म्हणून आठ-नऊ टनांचे ओझे तो सपाटीवर कुरकुर न करता हलवतो. परंतु बहुसंख्य लहान ट्रॉल्यांना स्वतःचे चालते ब्रेक नसतात आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी अडवायचा असतो. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि रिकामी ट्रॉली एक टनाची धरली, तर गव्हासह एकूण वजन ५.६ टन आणि कोरड्या वाळूसह ८.४ टन होते. ब्रेकची पकड तेवढीच असेल, तर थांबायला लागणारे अंतर वजनाच्या प्रमाणात, म्हणजे दीडपट वाढते, आणि चालकाला दीडपट झाल्याची कोणतीही आगाऊ सूचना मिळत नाही. ती त्याला पुढे बैलगाडी किंवा शाळेतून सुटलेली मुले दिसल्यावरच मिळते. उतारावर अवस्था आणखी बिकट होते, कारण तेथे ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि जोडणीच्या पिनेपाशी दोन्ही वाहने कोनात वळू लागतात. एकदा हा कोन वाढू लागला की स्टिअरिंग फिरवून तो सरळ करता येत नाही.

दोन चाकी ट्रॉलीत, म्हणजे एकच आस असलेल्या आणि पुढचे टोक ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवर टेकलेल्या ट्रॉलीत, भार किती आहे याइतकेच तो कुठे आहे यालाही महत्त्व असते. भाराचा थोडा हिस्सा आसाच्या पुढे राहून ड्रॉबारवर दाब देत असला पाहिजे. तो हिस्सा फार झाला, तर ट्रॅक्टरचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि चढावर ती जमिनीवरून उचलली जाऊन ट्रॅक्टर उभा राहण्याचा धोका निर्माण होतो. उलट भार आसाच्या मागे गेला, तर ड्रॉबार वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब घटतो आणि ज्या चाकांच्या पकडीवर ब्रेक अवलंबून आहेत तीच चाके घसरू लागतात. विटा उतरवताना हमाल सोयीची बाजू आधी मोकळी करतात आणि अर्धा माल एका ठिकाणी टाकून उरलेला दुसऱ्या ठिकाणी न्यायचा असला, तर हा तोल वाटेतच बदललेला असतो. उचलून ओतणाऱ्या हायड्रॉलिक ट्रॉलीत ओली वाळू हौद्याच्या वरच्या टोकाला चिकटून राहते आणि जमीन किंचित जरी एका बाजूला कलती असली, तरी उंच गेलेला हा भार ट्रॉली आडवी करायला पुरेसा होतो.

यावर अनुभवी माणसाचे उत्तर असे असते की याच ट्रॉलीने एवढाच माल वर्षानुवर्षे नेला आणि काही झाले नाही. या उत्तराचा आदर राखूनही ते नाकारावे लागते, आणि नाकारण्याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. १८४२च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पुढे लागलेल्या आगीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. आस त्या दिवशी काही विशेष भाराखाली आला नव्हता. त्यानंतरच्या दशकांत प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता आउगुस्ट व्योलर याने आसांवर दीर्घ प्रयोग करून दाखवून दिले, की एका झटक्यात लोखंड मोडायला जेवढा ताण लागतो त्याहून पुष्कळ कमी ताण वारंवार आला, तरी लोखंड अखेर मोडते. प्रत्येक फेरीला सूक्ष्म चीर थोडी पुढे सरकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. यालाच धातूची शिणावट म्हणतात. या दृष्टीने पाहिले तर मागच्या शंभर खेपा सुखरूप पार पडल्या, हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही. त्या खेपांनी आसाचे आयुष्य तेवढे खर्चून टाकले, एवढेच त्यातून सिद्ध होते. तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बनणाऱ्या अनेक ट्रॉल्यांना जुन्या ट्रकचे आस बसवलेले असतात आणि त्या आसांनी आधी किती सोसले आहे, याची नोंद कोणाजवळच नसते.

वाहनाचे नुकसान निदान मालकाच्या खिशातून जाते. रस्त्याचे जाते सर्वांच्या. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवरून ठरावीक भाराचे ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी घेण्यात आली आणि तिच्यातून रस्तेबांधणीत आजही वापरला जाणारा ठोकताळा निघाला: रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे आसावरचा भार दुप्पट झाला, तर झीज दुप्पट न होता सोळापट होते. घातांक रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे कमी-अधिक होतो, पण दिशा बदलत नाही. वरच्या ट्रॉलीला हा नियम लावला आणि ड्रॉबारकडे जाणारा हिस्सा सोडून दिला, तर गव्हाच्या खेपेत आसावर ३.६ टन आणि वाळूच्या खेपेत ६.४ टन येतात. भार पावणेदोनपट झाला, झीज मात्र सुमारे दहापट. तीच ५.४ टन वाळू दोन सारख्या खेपांत नेली, तर प्रत्येक खेपेला आसावर ३.७ टन येतात आणि दोन्ही खेपांची मिळून ट्रॉलीने केलेली झीज त्या एका खेपेच्या पाव भागाहूनही कमी भरते. ‘एका खेपेत काम उरकले’ या वाक्यात जी काटकसर वाटते, तिची किंमत डांबराने मोजलेली असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून वाड्यावस्त्यांना जे रस्ते मिळाले, ते तुरळक आणि हलकी वाहतूक गृहीत धरून आखलेले, पातळ थरांचे रस्ते आहेत. अशा रस्त्यावर एका घराच्या बांधकामासाठी येणाऱ्या ट्रॉल्या, आणि पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामातल्या उसाच्या जोड-ट्रॉल्या, जो घाव घालतात तो भरून काढायला ग्रामपंचायतीकडे पैसा नसतो.

तरीही ट्रॉली जादा भरली जाते, आणि ती भरणाऱ्यांना मूर्ख समजणे अन्यायाचे होईल. भाडे खेपेवर ठरते. डिझेल, चालकाची मजुरी आणि दिवसाचा वेळ खेपेमागे जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून खेपेत जितका माल जास्त, तितका ब्रासमागे खर्च कमी. ट्रॅक्टरचा हप्ता भरणाऱ्या छोट्या मालकाने नियमाप्रमाणे निम्मी ट्रॉली न्यायची म्हटली, तर शेजारचा मालक पूर्ण ट्रॉली त्याच भाड्यात नेतो आणि नियम पाळणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटते. गिऱ्हाईकही बहुधा घरकुलाच्या हप्त्यांत घर उभे करू पाहणारा, पावसाळ्यापूर्वी पाया आटोपण्याच्या घाईत असलेला माणूस असतो. त्याला दोन खेपांचे भाडे परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. या साखळीत प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाने वागून सर्वांचे मिळून नुकसान होते, आणि म्हणूनच एकट्या चालकाला उपदेश करून किंवा एकट्यालाच दंड करून ही साखळी तुटत नाही. दंडाच्या भीतीने भाव वाढतो, तो गिऱ्हाइकावर पडतो, आणि भरणे चालूच राहते.

कायदा कमकुवत आहे, असे म्हणता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ११३ने वजनाची मर्यादा ओलांडून वाहन किंवा ट्रेलर चालवण्यास मनाई केली आहे आणि चालक मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला दिली आहे. कलम १९४ केवळ चालवणाऱ्याला नव्हे, तर चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही जबाबदार धरते; सप्टेंबर २०१९पासून त्यातील दंड २०,००० रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये असा आहे, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज वाहन पुढे जाऊ देता येत नाही. काही राज्यांनी पैसे घेऊन जादा भारासह वाहने पुढे सोडण्याची जी पद्धत पाडली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजित भसीन खटल्यात मज्जाव केला. केंद्रीय नियमांत कृषी ट्रॅक्टर हे वाहतुकीचे वाहन मानलेलेच नाही. त्यामुळे शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॉलीतून भाड्याने खडी नेताना अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईचा वाद उभा राहतो आणि त्यात जखमी माणसाचे कुटुंब वर्षानुवर्षे अडकते.

उणीव कायद्याच्या कठोरपणात नसून शासनाच्या दोन खात्यांच्या दोन भाषांत आहे. वाळू, खडी आणि मुरूम ही गौण खनिजे असल्याने त्यांच्यावरील स्वामित्वधन, म्हणजे शासनाला देय असलेला हिस्सा, महसूल खाते ब्रासवर आकारते. २०२३च्या वाळू धोरणात जाहीर झालेला ६०० रुपयांचा विक्रीदरही ब्रासचा होता. परवान्याविना उत्खनन किंवा वाहतूक झाली, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८खाली तहसीलदार कारवाई करतो, आणि त्याचा प्रश्न माल परवान्याचा आहे की नाही आणि किती ब्रास आहे, एवढाच असतो. परिवहन खात्याला मात्र त्याच ट्रॉलीविषयी किती टन, हा प्रश्न पडतो. दीड ब्रासचे स्वामित्वधन भरून, वैध पास खिशात ठेवून निघालेली ट्रॉली महसुलाच्या दृष्टीने निर्दोष असते आणि त्याच क्षणी मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्यात असते. शासनाच्या एका कागदाने जे मान्य केले ते दुसऱ्या कागदाने अमान्य करावे, अशी स्थिती असताना सामान्य चालकाने कोणता कागद खरा मानावा? साठ्याच्या फाटकावर काटा असला आणि पासवर ब्रासच्या शेजारी टनाचा रकाना असला, तर हा विरोध ट्रॉली निघण्याआधीच उघडा पडला असता. आज बहुतेक ओव्हरलोड रस्त्यावर पकडावा लागतो, जेथे माल उतरवायला जागा नसते, हमाल नसतात आणि तडजोडीला वाव असतो.

या प्रश्नाला समुद्रावरचा एक जुना दाखला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश व्यापारी जहाजे कोळसा आणि धान्य भरून इतकी खोल बसवली जात की वादळात ती खलाशांसह बुडत, आणि विमा उतरवलेल्या मालकाचे त्यात फारसे जात नसे. डर्बीचा खासदार सॅम्युएल प्लिम्सॉल याने १८७३ साली पुस्तक लिहून आणि पार्लमेंटात लढून हा विषय धसास लावला आणि १८७६च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले: रेषा पाण्याखाली गेली की भार जास्त. या उपायाचे सामर्थ्य असे की न दिसणारे वजन त्याने डोळ्याला दिसणारे केले आणि धक्क्यावरच्या निरक्षर खलाशालाही ते वाचता येऊ लागले. त्याची पहिली आवृत्ती सदोष होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रेषा कुठे मारायची ते सुरुवातीला मालकावर सोडले होते आणि ती जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडले.

ट्रॉलीच्या फाळक्यावर अशी रेघ मारणे अवघड नाही. वरच्या मापाच्या ट्रॉलीला तीन टन भाराची मान्यता आहे असे धरले, तर कोरडी वाळू किंवा खडी तळापासून सुमारे १३ इंचांपर्यंत आणि गळती वाळू सुमारे ११ इंचांपर्यंत भरता येईल. विटा, प्रत्येक वीट तीन किलोंची धरून, हजार आणि सिमेंट ५० किलोंच्या ६० गोण्या. आतल्या बाजूने ११ आणि १३ इंचांवर रंगवलेले दोन पट्टे आणि बाहेर लिहिलेले विटा-गोण्यांचे हे दोन आकडे चालकाला, हमालाला, गिऱ्हाइकाला आणि रस्त्यावरच्या हवालदाराला एकाच वेळी वाचता येतील. ओलीमुळे आणि फुगेमुळे रेघ काट्याइतकी अचूक राहणार नाही, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून ती मुद्दाम ओल्या मालाच्या हिशेबाने खाली ठेवावी लागेल. गिऱ्हाइकाला निम्मी रिकामी दिसणारी ट्रॉली पाहून फसवल्यासारखे वाटेल, हा आक्षेप अधिक खोल आहे, आणि त्याचे उत्तर रेघेत नाही, दरात आहे: भाव टनावर बोलला गेला, काट्याची पावती मालासोबत आली, तर गिऱ्हाईक हौद्याऐवजी पावतीकडे पाहील आणि फुगलेल्या वाळूत त्याचे जे जात होते तेही वाचेल. रेघेची जागा ठरवण्याचे काम ट्रॉली बनवणाऱ्यावर किंवा मालकावर न सोडता नोंदणीच्या वेळी परिवहन खात्याने करायला हवे, आणि जेथे माल भरला जातो तेथील साठेदाराला रेघेच्या वर भरून दिल्याबद्दल चालकाइतकेच जबाबदार धरायला हवे. ‘चालवायला लावणारा’ या कलम १९४मधील शब्दांत त्यालाही आणता येईल असा अर्थ लावायला जागा आहे, आणि तो अर्थ अपुरा पडला तर गौण खनिजाच्या नियमांत, पासच्या अटींतच, ही जबाबदारी लिहून घेणे महसूल खात्याच्या हातात आहे.